देव, पाप आणि तारण: ख्रिस्ती लोक नेमकं मानतात काय?

माझगावची

नमस्कार मंडळी,

नाताळच्या फराळाच्या धाग्यावर कलकल, नेवऱ्या आणि केकवर भरपूर बोलून झालं. शेवटी एकाने विचारलं, "ते सगळं ठीक, पण तुम्ही लोक मानता तरी काय?" तिकडे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

मी भायखळ्याच्या एका मराठी प्रॉटेस्टंट मंडळीतली, म्हणजे चर्चमधली. संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवते, त्यामुळे या प्रश्नांशी गाठ नेहमीची. मुंबईतला ख्रिस्ती म्हटलं की लोकांना वांद्रे आणि इंग्रजी आठवतं. पण अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८२६ साली मराठी नवा करार इथेच छापला गेला. कॅथलिक समाज तर पोर्तुगीज काळापासूनचा, म्हणजे त्याहून कितीतरी जुना. तेव्हा हा विषय मराठीत बोलण्यात नवीन काही नाही.

लोक सुरुवात नियमांपासून करतात: काय खाता, काय चालतं, काय चालत नाही. मी देवापासून करते, कारण देव कसा आहे हे धरल्याशिवाय पुढचं काहीच लागत नाही.

देव एकच. तीन देव आम्ही मानत नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य म्हणजे एकच देव. चौथ्या शतकात निकिया (३२५) आणि कॉन्स्टँटिनोपल (३८१) इथल्या परिषदांनी हे शब्दांत बांधलं, आणि तोच विश्वासांगिकार, म्हणजे उपासनेत म्हटलं जाणारं श्रद्धेचं निवेदन, आजही कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या म्हणतात. हे गणित डोक्यात बसत नाही अशी तक्रार असते, आणि बसणार नाहीच. पण त्यातून जे निघतं ते मला फार मोलाचं वाटतं. येशूचा शिष्य योहान बायबलमधल्या आपल्या पत्रात लिहितो की देव प्रीती आहे. जग नव्हतं, माणूस नव्हता, तेव्हाही पिता, पुत्र आणि आत्म्यामध्ये ती प्रीती होतीच. म्हणजे देवाने माणूस घडवला तो एकटेपणा घालवायला नाही, सेवा करून घ्यायलाही नाही. जे त्याच्याकडे भरून होतं ते द्यायला घडवला.

आता पाप. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा देवाने मना केलेलं फळ खातात आणि झाडांत लपतात. देव बागेत येतो. त्याचं पहिलं वाक्य काय आहे? "तू कोठे आहेस?" काय केलंस हे तो नंतर विचारतो. संडे स्कूलमध्ये मी याच प्रश्नावर थांबते. नियम मोडला हे खरंच, पण देव आधी विचारतो ते माणूस त्याच्यापासून लपला त्याबद्दल. आणि लगेच पुढे बघा: आदाम बायकोकडे बोट दाखवतो, बायको सापाकडे. पुढच्याच अध्यायात भाऊ भावाला मारतो. देवाशी तुटलं की माणसामाणसांत तुटतं, असा तो क्रम आहे.

म्हणून आमच्याकडे पाप म्हणजे नुसती वाईट कामांची यादी नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी जे दोषी ठरतात त्यांनी चोरी केली, खून केला असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही. भुकेल्याला खायला दिलं नाही, तुरुंगातल्याला भेटायला गेले नाहीत, एवढाच आरोप. न केलेलं तेही पाप. आणि प्रेषित पौल रोमकरांस, म्हणजे रोमच्या मंडळीला, लिहितो की सगळ्यांनीच पाप केलं आहे, चांगले लोक आणि वाईट लोक अशी फाळणी तो ठेवतच नाही.

मग तारण. माणूस स्वतःच्या बळावर ते नातं जोडू शकत नाही, म्हणून देव स्वतः माणूस झाला. येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. तो वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. आपण सुधारल्यावर नव्हे, आपण पापी असतानाच तो आपल्यासाठी मेला, हे पौलाचं म्हणणं आमच्या श्रद्धेचं केंद्र आहे. तारण कमवायचं नसतं, स्वीकारायचं असतं. त्यालाच आम्ही कृपा म्हणतो.

एक गोष्ट राहिली. आमच्याकडे शरीरापासून सुटका हे ध्येय नाही. पुनर्जन्म नाही, जन्म एकच, पण शरीराचं पुनरुत्थान आहे. शिवडीच्या कब्रस्तानात पाळकसाहेब "मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ" म्हणतात तेव्हा वाक्य तिथे संपत नाही, पुढे पुनरुत्थानाच्या आशेचे शब्द येतात. माझ्या वडिलांच्या वेळी मूठमाती देताना मी त्या पुढच्या अर्ध्या वाक्याला धरून उभी होते.

विचारा आता. मोकळेपणाने विचारा.

परळचा माळकरी

ताई, राम कृष्ण हरी. फार नीट लिहिलंत.

वाचताना सारखं वाटत होतं की हे आमच्याच अंगणातलं आहे. आमचा विठोबाही पतितपावन. अजामिळाची कथा आम्ही कीर्तनात ऐकतो. जन्मभर पापं केली, मरताना मुलाला "नारायणा" म्हणून हाक मारली आणि तेवढ्यावर तरला. तुकोबांनीही स्वतःची करणी पुढे केली नाही, देवाच्या ब्रीदाचा आधार घेतला. मग फरक कुठे राहिला?

माझगावची

दादा, राम कृष्ण हरी. तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त "माउली" आहे आणि आम्ही ते अभंग आजही उपासनेत गातो. तेव्हा साम्य मी नाकारणार नाही. देवाच्या दारात कमाई चालत नाही हे संतांना पक्कं ठाऊक होतं.

अजामिळासारखाच आमच्याकडे येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरचा चोर. "माझी आठवण ठेवा" एवढंच तो म्हणतो आणि येशू त्याला म्हणतो, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्या चोराने पुढे एकही पुण्य केलं नाही, तेवढा वेळच नव्हता.

फरक मला दिसतो तो असा. आमचा विश्वासांगिकार फार थोड्या माणसांची नावं घेतो. येशू, मरिया, आणि तिसरं पंतय पिलात, ज्याच्या हुकुमाने येशूला वधस्तंभावर दिलं तो रोमन अधिकारी. जगाच्या तारणाविषयी बोलताना दर रविवारी आम्ही त्या अधिकाऱ्याचं नाव घेतो, कारण हे एका ठरावीक राजवटीत, एका ठरावीक गावाबाहेर घडलं असा आमचा दावा आहे. ते घडलं नसेल तर आमचं काहीच उरत नाही. पौलाने करिंथकरांस स्पष्ट लिहिलंय की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. आणि दुसरं, इथे देव नुसती क्षमा करत नाही, त्या क्षमेची किंमत स्वतःच्या अंगावर घेतो.

तर्कट

इथेच मी अडतो. केलं एकाने, मेला दुसरा. कुठल्याही कोर्टात याला न्याय म्हणणार नाहीत. एका निरपराध माणसाला लोकांच्या पापासाठी मारायला लावणारा देव प्रेमळ कसा?

माझगावची

येशू तिसराच कोणी माणूस असता तर तुमचा आक्षेप शंभर टक्के बरोबर. म्हणूनच मी देवापासून सुरुवात केली. देवाने दुसऱ्या कुणाला पुढे ढकललं असं आम्ही मानत नाही. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तोच ते सोसायला खाली उतरला, असं मानतो. त्रैक्य आणि येशूचं देवत्व काढून घ्या, वधस्तंभ क्रूर होतो. ठेवा, तर तो देवाचा स्वतःचा त्याग होतो. या गोष्टी सुट्या सुट्या घेता येत नाहीत.

आणि वधस्तंभाने नेमकं काय केलं याचं एकच उत्तर ख्रिस्ती परंपरेत नाही. पहिल्या काही शतकांत लोक म्हणत, ख्रिस्ताने मरणावर आणि सैतानावर विजय मिळवला, बंदिवान सोडवले. अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्म या धर्मपंडिताने मांडलं की पापामुळे देवाचा मान हिरावला गेला, ते देणं माणसाने फेडायला हवं पण फेडू शकतो फक्त देव, म्हणून देव-मानव. त्याच्यानंतर थोड्याच काळात आबेलार हा दुसरा पंडित म्हणाला की ती प्रीती पाहून माणसाचं हृदय पालटतं. सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी, विशेषतः कॅल्विनने, शिक्षा भोगण्यावर भर दिला. येशू देव आणि मानव आहे हे परिषदांनी बांधून टाकलं, पण यातल्या एकाच उपपत्तीवर सगळ्या मंडळ्यांनी मिळून शिक्का मारलेला नाही. तुमचा आक्षेप मुख्यतः शेवटच्या मांडणीवर आहे आणि तो ख्रिस्ती लोकांनीही घेतलेला आहे.

मला स्वतःला विजयाची भाषा जवळची वाटते. चाळीतल्या दारुड्याच्या घरात पाप ही केवळ चूक नसते, ती माणसाला धरून ठेवणारी सत्ता असते. तिथे "तुझा दंड भरला" यापेक्षा "तुला सोडवलं" हे आधी पोचतं.

तर्कट

उत्तर पटलं नाही तरी सरळ आहे. मग पुढचं विचारतो. एखाद्याने कुणाचं आयुष्य उद्ध्वस्त केलं, आणि रविवारी देवळात रडला. झाली माफी? ज्याचं नुकसान झालं त्याने काय करायचं? कर्मसिद्धांतात निदान केल्याचं फळ भोगावं तरी लागतं.

गोराईकर

यावर मी बोलतो. मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातला, कॅथलिक. लहानपणापासून कुमसार करत आलोय, म्हणजे धर्मगुरूपुढे पापनिवेदन.

आत जाऊन रडलं आणि सुटलं असं तिथे नसतं. मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, आणि चोरी केली असेल तर चोरलेलं परत करणं भाग आहे. बदनामी केली असेल तर ती जमेल तेवढी निस्तरणं भाग आहे. परत करायची तयारीच नसेल तर तो पश्चात्ताप खरा धरत नाहीत. धर्मगुरू ऐकलेलं कुणालाही सांगू शकत नाही, पण तो विचारतो, "त्याचे पैसे दिलेस का?" हा प्रश्न माझ्या ओळखीच्या एका माणसाला विचारला गेला. भावाच्या वाट्याच्या जमिनीचा मामला होता. त्याने जाऊन भावाच्या ओट्यावर कागद ठेवले. देवाची माफी झाली पण भाऊ आजही बोलत नाही, आणि तो भाऊ चुकतोय असं मी म्हणणार नाही.

माझगावची

गोराईकर, हे फार मोलाचं लिहिलंत. आम्ही पाळकांपुढे असं निवेदन करत नाही, थेट देवापुढे करतो, पण भरपाईबद्दल दुमत नाही. लूकमध्ये जक्कयाची गोष्ट आहे. जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू आपणहून त्याच्या घरी उतरतो, आधी सुधार मग येतो असं म्हणत नाही. आणि जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. क्रम लक्षात घ्या. आधी कृपा, मग चौपट. चौपट दिलं म्हणून येशू आला असं नाही, पण येशू आला आणि तिजोरी बंदच राहिली असंही नाही.

तर्कट, माफी म्हणजे पोलीस केस मागे घेणं नव्हे. पीडिताला "तू ख्रिस्ती आहेस ना, मग विसरून जा" असं कुणी म्हणालं तर ती ख्रिस्ताची शिकवण नाही, अन्यायाची पाठराखण आहे. हे मी फार जोर देऊन लिहितेय कारण असं म्हटलेलं मी ऐकलंय.

स्वरा_मुलुंड

एक बाळबोध शंका. आम्ही दरवर्षी वांद्र्याला माउंट मेरी चर्चच्या जत्रेला जातो. तिथे मेणाचे हात, पाय, घर, बाळ असं विकायला असतं, ज्याची इच्छा असेल ते घेऊन वाहायचं. माझ्या मावशीने मेणाचं घर वाहिलं होतं आणि तिला विरारला घर मिळालंही. मग तारण कमवायचं नसतं आणि इकडे नवस चालतो, हे कसं?

गोराईकर

स्वरा, बाळबोध वगैरे काही नाही, हाच प्रश्न आमच्या घरात माझी मुलगी विचारते. नवसाने घर मिळेल, पाय बरा होईल, अशी माणसं आशा धरतात. तारण नवसाने मिळतं असं चर्च कधीच शिकवत नाही. आणि मरियेची आम्ही पूजा करत नाही. आराधना फक्त देवाची, संतांना मान, हा भेद ७८७ साली निकियाच्या दुसऱ्या परिषदेत स्पष्ट केलेला आहे. मरियेला आम्ही म्हणतो, आमच्यासाठी विनंती कर. आईला सांगतो तसं.

आता मेणाचं घर हातात धरून रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात हा भेद असतो का? नसतो. सप्टेंबरच्या त्या आठवड्यात रांगेत निम्मे लोक ख्रिस्तीच नसतात असं मला दिसतं. मला त्यांना हटकावंसं वाटत नाही. माणूस दुखणं घेऊन येतो तेव्हा त्याच्या हातात काहीतरी असावं लागतं.

माझगावची

इथे आमचा मतभेद आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आम्ही प्रॉटेस्टंट मरियेला मान देतो पण तिला विनंती करत नाही. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त, हे तीमथ्याच्या पत्रातलं वचन आम्ही धरतो.

पण "प्रॉटेस्टंट फक्त विश्वास मानतात आणि कॅथलिक फक्त सत्कर्मं" हे जे ऐकू येतं ते चूक. १५१७ पासून, म्हणजे ल्यूथरच्या बंडापासून, पुढे यावरून युरोप दुभंगला हे खरं. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गला कॅथलिक चर्च आणि लुथेरन जागतिक संघटनेने एकत्र सही केली की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कृपेने, स्वतःच्या गुणांमुळे नाही, आणि सत्कर्मं हे त्याचं फळ. मेथडिस्ट या आणखी एका प्रॉटेस्टंट पंथाने २००६ मध्ये त्याला दुजोरा दिला. सगळे मुद्दे मिटले नाहीत, पण मुळाशी दोघं एकच म्हणत आहेत. याकोबाच्या पत्रात कृतीवाचून विश्वास निर्जीव म्हटलंय, ते आम्हीही वाचतो.

परळचा माळकरी

त्रैक्याबद्दल एक विचारू का? पाणी, बर्फ आणि वाफ एकच असतात तसं समजायचं का?

माझगावची

दादा, हा दाखला बरेच जण देतात, पण तो लागू पडत नाही. पाणी एका वेळी बर्फ होतं किंवा वाफ. म्हणजे एकच देव तीन वेशांत आला असं होतं, आणि नेमकं तेच सबेल्लियसच्या नावाने ओळखलं जाणारं मत चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारलं. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पित्याची वाणी येतेय, तिन्ही एकाच क्षणी. मी मुलांना दाखला देत नाही, हा प्रसंगच सांगते.

चेंबूरवाला

प्रभूची स्तुती असो. ताईंनी चांगलं लिहिलं, पण एक गोष्ट मऊ करून सांगितली. येशू म्हणतो, मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र म्हणतो, तारण दुसऱ्या कोणाकडून नाही. हे स्पष्ट सांगायला हवं. मी स्वतः नशेतून बाहेर आलोय ते त्या एका नावाने.

स्वरा_मुलुंड

मग माझ्या आजीचं काय? आळंदीहून पायी वारी करायची. कुणाचं वाईट चिंतलं नाही, दारी आलेला उपाशी गेला नाही. येशूचं नाव तिने कॅलेंडरवर सोडून कुठे पाहिलं नसेल. ती कुठे आहे तुमच्या हिशोबात? मला खरंच जाणून घ्यायचंय.

गोराईकर

आमच्या चर्चचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या दस्तऐवजात म्हटलंय की ज्यांना स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला जे कळतं त्याप्रमाणे त्याच्या कृपेने वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मिळेल तेही ख्रिस्तामुळेच, असं आम्ही मानतो. पण दार लावलेलं नाही.

माझगावची

स्वरा, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत यावर एकमत नाही. चेंबूरवाले दादा म्हणतात ते मानणारे पुष्कळ आहेत, आणि ते कठोर म्हणून तसं मानतात असं नाही. ज्याने हात धरून बाहेर काढलं त्याचं नाव ते कसं सोडतील? त्यांनी दिलेली वचनं मीही मानते. ख्रिस्तावाचून तारण नाही.

पण ख्रिस्त कुणाकुणापर्यंत कसा पोचतो याची हद्द आखण्याचा अधिकार मला कुठल्या वचनाने दिलेला मला दिसत नाही. पौल रोमकरांस लिहितो की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही त्यांच्याही हृदयावर ते लिहिलेलं असतं. त्याच मत्तय पंचविसाव्या अध्यायात जे नीतिमान ठरतात ते चक्रावून विचारतात, "प्रभू, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिला?" त्यांना माहीतच नव्हतं की दारी तो आला होता. तुझ्या आजीच्या दारातून कुणी उपाशी गेला नाही म्हणतेस. न्याय देवाचा आहे, आणि तो देव बागेत शोधत येणारा आहे. मी तिला त्याच्या हाती सोपवून निर्धास्त राहीन.

चेंबूरवाला

न्याय देवाचा, हे मलाही मान्य. बाकी माझं मत मी बदलत नाही. स्वरा, आजीबद्दल वाईट बोलायचा हेतू नव्हता, तुमच्या घरच्यांसाठी प्रार्थना करीन.

स्वरा_मुलुंड

धन्यवाद तिघांनाही. कुणी उडवाउडवी केली नाही हे बरं वाटलं. एक शेवटचं: शुभ शुक्रवारच्या उपासनेला आमच्यासारखं कुणी येऊन बसलं तर चालतं का?

माझगावची

अगदी चालतं. आमच्याकडे दुपारी बारा ते तीन, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात छोटी मनन-भाषणं असतात, मध्ये गीतं. मराठीत सगळं. मागच्या बाकावर बस, उभं राहायचं तेव्हा बाकीच्यांबरोबर उभी राहा, नाही राहिलीस तरी कुणी बघत नाही. पूर्ण तीन तास बसायलाच हवं असंही नाही, एका उद्गारानंतर गीत चालू असताना लोक येतात-जातात. प्रभुभोजन असलेल्या रविवारी आलीस तर भाकर आणि द्राक्षरस बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो, तेव्हा जागेवरच बसून राहायचं. साडी, ड्रेस काहीही चालेल, आमच्या बायका त्या दिवशी बहुतेक पांढरं नेसतात. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, मी दाराशी थांबेन.

गोराईकर

कॅथलिक चर्चमध्ये आलात तर त्या दिवशी मिस्सा, म्हणजे नेहमीची भाकर-द्राक्षरसाची उपासना, नसतो, दुपारी तीनच्या सुमारास क्रूसाची उपासना असते आणि वर्षातला हा कडक उपासाचा दिवस. गर्दी फार, तासभर आधी या. गोराईला खाडीवरून बोटीने येणार असाल तर तेवढा वेळ धरून निघा.